जुन्या होडीखालची ट्रॉली : एक मनन

बसा. बेलापूरजवळ दिवाळे कोळीवाड्याच्या जेट्टीवर बसता आलं तर उत्तम, नाहीतर घरची खुर्चीही चालेल. पाठ टेकवा आणि आपलं वजन कुठे कुठे टेकलंय तेवढंच आधी बघा. तळवे, मांड्या, कंबर, पाठीचा मधला भाग. अंग एकाच जागी टेकत नाही, ते वाटून टेकतं. म्हणून तर इतका वेळ बसवतं. एक सावकाश श्वास घ्या आणि ही गोष्ट मनात राहू द्या.

निमित्त साधंच आहे. तुम्ही एक जुनी होडी घेताय. सोळा फुटी, फायबरची, मागच्या फळीला टांगलेलं इंजिन. होडी बघायला जाताना तुम्ही जाणता माणूस सोबत नेलात, तळ ठोकून बघितलात, इंजिन चालवून बघितलंत. सगळा व्यवहार ठरल्यावर विकणारा म्हणाला, ‘‘ट्रॉलीपण घेऊन जा, तिचे वेगळे पैसे नकोत.’’ आणि तुम्ही तिच्याकडे वळूनही न बघता मान हलवलीत.

नवी मुंबईत ट्रेलर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो कळंबोलीच्या लोखंड बाजारात नाहीतर उरणच्या रस्त्यावर उभा असलेला चाळीस फुटी कंटेनरवाला. होडीची ती नुसती ट्रॉली. पण होडी पाण्यात असेल तेव्हा तिला समुद्र सांभाळणार आणि बाकी सगळा वेळ ही ट्रॉली. आज तिच्याकडे घाई न करता बघू.

पहिलं मनन वजनाचं.

डोळे मिटा आणि होडीचं वजन किती असेल ते मनात म्हणा. जो आकडा आला तो बहुधा कंपनीच्या माहितीपत्रकातला असेल. तो साच्यातून नुकत्याच निघालेल्या कोरड्या होडीचा आकडा. त्यानंतर तिच्यावर दोनदा फायबर चढलं. तळ आणि पाटा यांच्यामधल्या फोमने वर्षानुवर्षं पाणी पिऊन घेतलं. इंजिन चाळीस हॉर्सपॉवरचं असेल तर ते एकटंच ऐंशी-शंभर किलोंचं. पन्नास लिटर पेट्रोल म्हणजे साधारण सदतीस किलो. वर बॅटरी, नांगर, साखळी, दोर, पाण्याचे कॅन.

आता हे सगळं घेऊन काट्यावर जा. कळंबोली-तळोज्याकडे ट्रक तोलणारे काटे आहेत, तिथे ट्रॉली आधी रिकामी तोला, मग होडीसकट. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची आजची होडी. मनातला आकडा आणि काट्याचा आकडा शेजारी शेजारी लिहा आणि थोडा वेळ नुसते बघत राहा. मधलं जे अंतर आहे ते तिचं वय. जुन्या होडीचं वय म्हणजे अंगात मुरलेलं पाणी.

ट्रॉलीच्या पत्र्यावर कोरलेला भार बघताना एक चूक हमखास होते. तो बहुतेक वेळा एकूण भार असतो, म्हणजे ट्रॉलीचं स्वतःचं वजनही त्यातच आलं. ते वजा करा. उरेल त्यातही थोडी जागा मोकळी ठेवा, कारण होडी रिकामी कधीच नसते.

दुसरं मनन टेकण्याचं.

आता मनाने होडीखाली वाका. तळहात तिच्या पोटाशी न्या आणि पुढच्या नाळेपासून मागच्या फळीपर्यंत सावकाश फिरवा. मधोमध कणा लागेल, तो कणखर असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना पोट पातळ होत जातं. आतून जिथे आडवे वासे आहेत तिथे पुन्हा कठीण लागतं. आजारी माणसाला उठवताना आपला हात आपोआप काखेखाली आणि पाठीशी जातो, कोणी पोटाला धरून उठवत नाही. ट्रॉलीलाही हेच कळायला हवं. कण्याखाली भक्कम आधार आणि दोन्ही बाजूंना लांब, गालिच्याने मढवलेल्या फळ्या.

रोलरची ट्रॉली मोहात पाडते, कारण होडी तिच्यावरून भराभर सरकते. उतार कमी असेल, पाणी उथळ असेल तर रोलर कामाचे. पण प्रत्येक रोलर होडीला एका बोटाएवढ्या जागीच टोचत असतो. फायबर जुनं असेल आणि होडी महिनोन्‌महिने तशीच राहणार असेल, तर तिथे खड्डे पडतात. लांब फळी ओझं वाटून घेते. आठवा, तुम्ही आत्ता खुर्चीत कसे बसला आहात.

आणि एक जागा नीट न्याहाळा, फळ्या मागे जिथे संपतात ती. त्या इंजिन टांगलेल्या मागच्या फळीखालपर्यंत पोचायला हव्यात. चार बोटं आधी संपल्या, तर शंभर किलोंचं इंजिन त्या अधांतरी तळाला रोज थोडं थोडं खाली वाकवतं. वर्षभराने होडी पाण्यात नाक खुपसून चालायला लागते आणि दोष इंजिनाला दिला जातो. होडीपेक्षा आखूड ट्रॉली फुकट मिळाली तरी महाग पडते.

तिसरं मनन तोलाचं.

गाडी उलाळ होणे हा शब्द तुम्ही घरातल्या जुन्या माणसांकडून ऐकला असेल. बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं, सापत्या बैलांच्या गळ्याला लागतात आणि बैल पाय रोवायला जागा शोधतात. ओझं पुढे जास्त झालं तर सगळा भार मानेवर येतो आणि बैल लवकर थकतात. चांगला गाडीवान गाडी भरून झाली की जू हाताने उचलून बघायचा. अगदी हलकं लागता कामा नये, अगदी जडही नको. मानेवर थोडं ओझं हवंच, त्याने बैलाला गाडी आपल्या मागे आहे हे कळत राहतं.

होडीच्या ट्रॉलीचं शास्त्र याहून वेगळं नाही. होडीसकट ट्रॉली आठशे किलो भरत असेल, तर तिच्या दांड्याचं टोक गाडीच्या हुकावर साधारण चाळीस ते ऐंशी किलोंनी टेकायला हवं, म्हणजे पाच ते दहा टक्के. सपाट जागी ट्रॉली उभी करून दांड्याखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला की आकडा समजतो, मात्र तो काटा किती किलोंपर्यंतचा आहे ते आधी बघा. गाडीचा हुक किती भार पेलतो, हेही तिच्या पुस्तिकेत बघा. ट्रॉली उलाळ असेल तर पामबीच रस्त्यावर वेग घेताच तिचं शेपूट हेलकावायला लागतं, आणि मग गाडी कोण चालवतंय हेच कळेनासं होतं. उपाय सोपा असतो. होडी वीतभर पुढे ओढायची आणि नाळ जिथे टेकते तो खांब पुढे सरकवून पुन्हा आवळायचा.

क्षणभर थांबा. दांडा दोन्ही हातांनी उचलताय असं मनात आणा. किती जड हवा हे कदाचित तुमच्या हातांना आधीच माहीत असेल.

चौथं मनन थांबण्याचं.

शीव-पनवेल रस्त्याने तुम्ही ट्रॉली ओढत आणलीत. भरती भरात आहे, मागे माणसं खोळंबली आहेत, ट्रॉली उताराने पाण्यात घालायची आहे. आधी खाली उतरा आणि चाकाच्या मध्यावर, हबवर, तळहात ठेवा. चटका बसला तर थांबा. तापलेला हब गार पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून खारं पाणी आत ओढून घेते. ग्रीस दुधासारखं पांढरट होतं. बेअरिंग त्या दिवशी काही बोलत नाही, महिन्याभराने भर रस्त्यात बोलतं. तळहात हबवर निवांत ठेवता येईपर्यंतचा वेळ हाच या कामातला ध्यानाचा वेळ समजा. तेवढ्यात समोर चिखलातले निवटे बघा, तिवरांवर बसलेला खंड्या बघा.

पाण्यातून बाहेर काढल्यावर गोड्या पाण्याने ट्रॉली धुवा, चाकांच्या आतली बाजूसुद्धा. जुनी ट्रॉली घेताना छोटी हातोडी खिशात ठेवा. रंगवलेल्या लोखंडी पाइपवर ठोकल्यावर टणटणीत आवाज आला तर ठीक, भदभदीत आला तर आतून गंज खात चाललाय. चारही बाजूंनी जस्ताचा मुलामा दिलेली ट्रॉली महाग असते, पण खाडीकाठी तीच टिकते. खालचे पाटे हाताने चाचपा, त्यांचे पापुद्रे सुटत असतील तर बदला. टायरवरचा चार आकडी शिक्काही वाचा. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. ट्रॉलीचे टायर झिजून मरत नाहीत, उन्हात उभे राहून मरतात.

पाचवं मनन उभं राहण्याचं, आणि आपल्या भागात हेच सगळ्यांत महत्त्वाचं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. हौशी होडीवाल्याला हा नियम लागू नसला तरी पावसाळ्यात तोही होडी वर काढतोच. म्हणजे आपल्याकडची ट्रॉली धावते कमी, उभी राहते जास्त, आणि तीही नेमकी सगळ्यांत मोठ्या पावसात. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस रोज येत नाही, पण साधा हिशोब करून बघा. चार मीटर लांब, दीड मीटर रुंद होडीत दहा सेंटिमीटर पाणी साचलं तर ते सहाशे लिटर. होडीचा निमुळता आकार धरून अर्धं म्हटलं तरी तीनशे किलो. तळाचं बूच लावलेलं राहिलं, तर ट्रॉलीवर न सांगता तीनशे किलो बसतात आणि सकाळपर्यंत हलत नाहीत.

म्हणून उभं राहण्यासाठी ट्रॉली निवडा. बूच काढून ठेवा. नाळ किंचित उंच ठेवा, म्हणजे पाणी मागून वाहून जाईल. चाकांवरचा भार उतरवून तिच्याखाली लाकडी ठोकळे द्या. ताडपत्री अशी बांधा की तिच्यात डबकं होणार नाही.

ओढून काढायची घाईही नको. उचलण्याचं अर्धं काम समुद्र फुकट करतो. विजयदुर्गजवळ वाघोटणच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आहे. भरतीला जहाज आत यायचं आणि ओहोटीला तिथेच टेकायचं. आपल्याकडेही अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती येते, मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. अष्टमीच्या भांगेला तितकं चढत नाही आणि मग ट्रॉली चिखलात अर्ध्या चाकापर्यंत रुतते. तिथीचं कॅलेंडर भिंतीवर असतंच, ते होडीसाठीही वापरा.

आता पुन्हा आपल्या खुर्चीत या. तळवे, मांड्या, पाठ. एक श्वास सोडा.

विकणारा अजून वाट बघतोय. त्याला सांगा, ट्रॉलीला वेगळा नंबर लागतो, तिचे आरटीओचे कागद आधी दाखव. मग होडीची लांबी, काट्यावरचं वजन आणि मागच्या फळीपर्यंतचं माप चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि ट्रॉली त्या मापाची आहे का ते बघा. नसेल तर होडी घ्या आणि ट्रॉली दुसरी शोधा, 1 जूनच्या आतली शेवटची पौर्णिमा गाठायची आहे.