नवोदितांची जत्रा

नव्या माणसाला संधी द्यावी, हे तत्त्व कोणीही मान्य करील. पण त्या संधीची किंमत कोणी मोजायची, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

लंडनमध्ये २०११ साली रायन स्टॅनियर यांनी ‘दि अदर आर्ट फेअर’ नावाची एक चित्रजत्रा सुरू केली. चित्रे विकणाऱ्या दालनांनी ज्यांना अद्याप जवळ केलेले नाही, अशा चित्रकारांसाठी ती होती. निवड समितीने पसंत केलेला चित्रकार आपली चित्रे मांडून स्वतःच तेथे उभा राहतो, येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलतो. २०१६ साली ‘साची आर्ट’ या कंपनीने ती जत्रा विकत घेतली. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतही ती भरू लागली.

येथवर सारे गोड वाटते. परंतु जागेचे भाडे चित्रकारच भरतो. चित्रे खपली नाहीत, तरी भाडे काही परत मिळत नाही. मग आश्रयदाता कोण आणि आश्रित कोण? खरे पाहता, ज्याला हात द्यायचा तोच जत्रेला पोशीत असतो.

म्हणून जत्रा वाईट ठरत नाही. १८८४ साली पॅरिसच्या प्रतिष्ठित वार्षिक प्रदर्शनाने चोवीस वर्षांच्या झॉर्झ सरा याचे, आस्निएर येथील नदीकाठच्या स्नानार्थींचे भव्य चित्र नाकारले. त्याच वर्षी काही चित्रकारांनी परीक्षकांवाचून प्रदर्शन भरविले आणि तेथे ते, मद्यपानगृहात का होईना, टांगले गेले. सरा हयात असेतो ते विकले गेले नाही. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्या वेळी त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही, पण भिंत मिळाली.

भिंत देणे हे जत्रेचे काम. पाहणे हे आपले. उद्या भाव वाढेल म्हणून चित्र घेणारा सट्टा खेळतो. बिचारा नवा आहे म्हणून घेणारा दान करतो. चित्राकडे दोघांचेही लक्ष नसते. कलावंताचा खरा मान राखतो तो तिसराच: जो थांबून पाहतो, नावडले तर पुढे जातो, आणि आवडले तर नाव न विचारता खिशात हात घालतो. जोखमीचा थोडा वाटा तो आपल्या शिरावर घेतो.

हा प्रश्न लंडनपुरताच नाही. दिवाळीला आपण घराच्या भिंती रंगवितो आणि त्यांवर फुकट मिळालेले कॅलेंडर टांगतो. त्यांतली एखादी भिंत, मनापासून आवडलेल्या एखाद्या अनोळखी चित्रकाराच्या चित्रासाठी मोकळी ठेवायला काय हरकत आहे?