न तपासलेली हार

आमच्या जिल्ह्यात, मेहकर-चिखलीकडे, सोयाबीनच्या विम्याचा दावा नामंजूर झाला आणि शेतकऱ्याने त्याचे कारण विचारले, म्हणजे ‘सिस्टीमच तसे दाखवते’ एवढ्या उत्तरावर त्याची बोळवण होते. आणि या उत्तराला जो वैचारिक आधार हल्ली व्याख्यानांतून व शिकवणीवर्गांच्या जाहिरातींतून पुरविला जातो तो असा की, बुद्धिबळासारख्या निव्वळ बुद्धीच्या खेळात १९९७ साली यंत्राने जगज्जेत्या कास्पारोव्हला नमविले, त्या अर्थी यंत्राचा निर्णय मानवी निर्णयाहून श्रेष्ठ ठरला असून त्यावर हरकत घेणे हे अडाणीपणाचे लक्षण होय. हे अनुमान मला घातक वाटते. कारण ज्या घटनेचा दाखला त्यासाठी दिला जातो, तीच घटना त्याच्याविरुद्ध साक्ष देते.

यंत्राने बुद्धिबळ खेळावे ही आकांक्षा जुनी. केंपेलेनच्या अठराव्या शतकातील ‘तुर्क’ नावाच्या यंत्राच्या पोटात माणूस दडलेला होता, शॅननने १९५० साली चालींच्या गणनेची रीत मांडली, ट्युरिंगने १९५२ साली कागदावर नियम लिहून, स्वतःच यंत्राच्या जागी बसून, एक डाव खेळून पाहिला, आणि दहा वर्षांत कोणताही संगणक आपणांस हरविणार नाही अशी पैज १९६८ साली मारणाऱ्या बुद्धिबळपटू डेव्हिड लेव्हीने १९७८ साली ती जिंकलीही. या सबंध काळात यंत्र परीक्षार्थी होते. १९९६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला ‘डीप ब्लू’ या संगणकाने पहिला डाव जिंकून खळबळ उडविली, तरी सामना कास्पारोव्हने ४-२ असा घेतला, आणि यंत्राचा परीक्षार्थीपणा कायम राहिला.

तो संपला न्यूयॉर्कला, १९९७ च्या मे महिन्यात; परंतु कशाने संपला, हे नीट पाहिले पाहिजे. यंत्र सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत होते, म्हणून ते जिंकले, असे सांगितले जाते. मग पहिला डाव कास्पारोव्हनेच जिंकला होता, त्याचे काय? त्या डावाच्या अखेरीस यंत्राने हत्तीची एक निरर्थक चाल केली. ती आज्ञावलीतील दोषामुळे घडली, असे यंत्राच्या निर्मात्यांपैकी मरे कॅम्पबेल यांनी कितीतरी वर्षांनी सांगितले. त्या रात्री मात्र कास्पारोव्हच्या गोटात तिचा अर्थ यंत्राची अगाध दूरदृष्टी असा लावला गेला. दुसऱ्या दिवशी, ४ मे रोजी, वजिराने प्यादी टिपण्याचा उघड मोह टाळून यंत्राने उंटाची अशी शांत, प्रगल्भ चाल केली की, पटापलीकडे कोणी माणूस बसला आहे की काय, असा संशय जगज्जेत्याच्या मनात शिरला. आणि पंचेचाळिसाव्या चालीनंतर त्याने डाव सोडला.

सहकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी त्याला सांगितले की, वजिराने सतत शह देऊन बरोबरी साधण्याची वाट त्या पटावर होती. ती वाट अखेरपर्यंत टिकली असती की नाही, याची चर्चा विश्लेषकांनी खुशाल करावी. माझ्या लेखी निर्णायक गोष्ट निराळी आहे. त्या वाटेचा शोध त्याने घेतलाच नाही. आयुष्यभर प्रत्येक प्रतिपक्ष्याच्या प्रत्येक चालीवर अविश्वास दाखवून जो सर्वोच्च पदाला पोहोचला, त्याने त्या क्षणी, इतकी उघड फट यंत्राने ठेवली नसेल, असे गृहीत धरून आपली तपासणी थांबविली. सामना पुढे सहाव्या डावापर्यंत चालला आणि ३½-२½ असा सुटला खरा. पण एका माणसाने यंत्राला परीक्षकाच्या आसनावर बसविले ते ४ मे रोजीच, आणि तेही यंत्राच्या एका दोषाने व स्वतःच्या एका गृहीतकाने मिळून.

याहून गंभीर बाब दप्तराची. स्पर्धेच्या बुद्धिबळात दोन्ही खेळाडू चाली लिहितात आणि कागदावर सह्या करतात. त्यात गुप्त मिसल नसते. कास्पारोव्हने यंत्राच्या विचारप्रक्रियेच्या नोंदी मागितल्या, पण त्या तेव्हा रुजू झाल्या नाहीत. यंत्राच्या निर्मात्या कंपनीने पुढे त्या प्रसिद्ध केल्या, परंतु फेरसामना नाकारला आणि यंत्र मोडीत काढले. ज्या निकालाची नोंद हरलेल्या पक्षाला ऐनवेळी पाहता आली नाही, त्याच निकालाचा दाखला आज हरकतीचा हक्क बंद करण्यासाठी द्यावा, हे मला सहन होत नाही.

बुद्धिबळपटू स्वतः मात्र शहाणे निघाले. पुढच्याच वर्षी लेऑन येथे कास्पारोव्ह आणि टोपालोव्ह संगणक शेजारी ठेवून खेळले. २०१७ साली ‘अल्फाझिरो’ हा संगणकीय खेळाडू स्वतःशीच खेळून शिकला, तेव्हा त्याचे नवे डावपेच खेळाडूंनी पारखून घेतले. आपल्या विदर्भाच्या, नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ च्या जुलैत बातुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत कोनेरू हंपीला हरविले, तेव्हा नेहमीचे दोन डाव आणि पहिला जलद डाव बरोबरीत सुटून निकाल शेवटच्या डावावर आला होता. या पिढीची तालीम यंत्राच्या संगतीत झाली, पण पटावर त्यांना यंत्र विचारता येत नाही. आणि यंत्राने दिलेला आकडा घरी गेल्यावर हे खेळाडू उलटसुलट तपासतात, कारण त्यामागची चालींची मालिका त्यांच्यासमोर उघडी असते.

नेमके एवढेच आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला मिळत नाही. पूर्वी पैसेवारी चुकली तर पटवाऱ्याशी भांडता येई, पीक कापणी प्रयोगाच्या वेळी बांधावर उभे राहता येई. आता उपग्रहाच्या छायाचित्रांवरून उत्पन्नाचा अंदाज बांधण्याची पद्धत त्या प्रयोगाच्या जोडीला आली आहे, आणि तिला माझा विरोध नाही. परंतु दावा नाकारताना कोणत्या तारखेचे छायाचित्र, कोणत्या महसूल मंडळातील कोणत्या कापणी प्रयोगाशी ताडून पाहिले आणि दोहोंत किती तफावत आढळली, हे अर्जदाराला लेखी, मराठीत, हरकतीची मुदत संपण्यापूर्वी मिळाले पाहिजे. आणि तो कागद हाती येईपर्यंत लोणारच्या काय किंवा देऊळगाव राजाच्या काय, कोणाही शेतकऱ्याने नामंजुरी स्वीकारल्याची सही करू नये.