दिलेला शब्द आणि गायलेला शब्द

१

मराठीत 'शब्द' ह्या पदाचे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदतात. भाषेतील अर्थवाही एकक म्हणजे शब्द, आणि माणसाने माणसाला दिलेले वचन म्हणजेही शब्दच. शब्द पाळणे, शब्दाला जागणे, शब्द फिरवणे हे वाक्प्रचार दुसऱ्या अर्थावर उभे आहेत. एरवी हे दोन अर्थ परस्परांच्या वाटेत येत नाहीत. परंतु गाण्यातला एक शब्द बदलण्याचा शब्द कलावंताने दिला, तर तो विलक्षण पेचात सापडतो. एक राखायचा तर दुसरा मोडणे भाग पडते. १७ सप्टेंबर १९६७ रोजी 'द डोअर्स' ह्या अमेरिकी रॉक बँडने न्यूयॉर्क येथे 'द एड सलिव्हन शो' ह्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात केलेले सादरीकरण हे ह्या पेचाचे लक्षणीय उदाहरण आहे.

सीबीएस ह्या प्रक्षेपण कंपनीचा हा कार्यक्रम १९४८ ते १९७१ अशी तेवीस वर्षे चालला. रविवारी रात्री सर्व कुटुंबाने एकत्र बसून पाहावा, असे त्याचे स्वरूप होते. कसरतपटू, बाहुल्यांचे खेळ, विनोदकार, ऑपेरागायक आणि रॉक गायक त्यात एकापाठोपाठ एक येत. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी 'बीटल्स' तेथे प्रथम अवतरले, तेव्हा सुमारे ७ कोटी ३० लाख प्रेक्षकांनी तो कार्यक्रम पाहिला. अशा मंचावर प्रवेश मिळणे ही राष्ट्रीय मान्यता होती, आणि मान्यतेबरोबर अटीही येत असत. 'डोअर्स'चे 'लाइट माय फायर' हे गीत जुलै १९६७ मध्ये 'बिलबोर्ड'च्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते. त्यातील 'हायर' हा शब्द मादक द्रव्यांच्या सेवनाकडे निर्देश करतो, म्हणून त्याजागी दुसरा निरुपद्रवी शब्द योजावा, अशी सूचना कार्यक्रमापूर्वी करण्यात आली. बँडने संमती दर्शविली. प्रत्यक्ष प्रक्षेपणात मात्र गायक जिम मॉरिसन ह्याने मूळ शब्दच गायला. 'डोअर्स'ना त्या मंचावर पुन्हा बोलावण्यात आले नाही.

पुढे ह्या घटनेची आख्यायिका झाली. सत्तेपुढे न वाकलेला कवी, असे तिचे सूत्र. परंतु वचनभंग हा वचनभंगच असतो, मग तो कवितेच्या बाजूने केला म्हणून नैतिक ठरतो काय, हा प्रश्न ह्या आख्यायिकेने बाजूला सारला आहे.

२

प्रथम आक्षेपाचे स्वरूप तपासणे आवश्यक आहे. 'हायर' ह्या शब्दाचा वाच्यार्थ 'अधिक उंच' एवढाच. त्याचा नशेशी असलेला संबंध बोलीभाषेतील वापराने दृढ झालेला आहे. मराठीतील 'चढणे' ह्या क्रियापदाची स्थिती फारशी वेगळी नाही. डोंगर चढतो तसा माणसाला अंमलही चढतो. प्रेमगीताच्या संदर्भात तोच शब्द शृंगाराच्या उत्कर्षाकडेही नेतो. म्हणजे नियंत्रकांना भय वाटत होते ते व्यंग्यार्थाचे, आणि त्यांनी उपाय योजला तो वाचक शब्दावर.

हा उपाय किती अपुरा आहे हे भारतीय काव्यशास्त्राच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. व्यंग्यार्थ वाच्यार्थाहून भिन्न असतो हे दाखविताना आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त दिलेले पहिलेच उदाहरण माहाराष्ट्री प्राकृतातील एका गाथेचे आहे. एक स्त्री धार्मिक पुरुषाला निर्धास्तपणे हिंडावयास सांगते, कारण त्याला त्रास देणारा कुत्रा सिंहाने मारला आहे. वाच्यार्थ अनुज्ञेचा, व्यंग्यार्थ निषेधाचा. त्या वाक्यातील कोणताही शब्द आक्षेपार्ह नाही, आणि तरीही सारा मतलब त्यातच आहे. मम्मटाने व्यंजनेच्या साधनांत वक्ता, श्रोता, काकू, स्थळ आणि काळ ह्यांची गणना केली आहे. १९६७ सालच्या अमेरिकेत, मॉरिसनच्या मुखातून, तरुण श्रोत्यांसमोर ते गीत उच्चारले जात असता त्यातील एक शब्द काढला, तरी उरलेली सारी साधने जागच्या जागीच राहतात.

ह्याचे प्रत्यंतर त्याच मंचावर त्याच वर्षी आलेले होते. १५ जानेवारी १९६७ रोजी 'रोलिंग स्टोन्स'ना 'लेट्स स्पेंड द नाइट टुगेदर' ह्या गीतातील रात्रीचा उल्लेख गाळून तेथे 'थोडा वेळ' अशा अर्थाचे शब्द घालावयास लावले गेले. मिक जॅगरने ते शब्द गायले, पण गाताना डोळे फिरवले. संहितेतून हद्दपार केलेला अर्थ आंगिक अभिनयातून परत आला. एवढेच नव्हे, तर काय गाळले आहे हे प्रेक्षकांच्या अधिकच लक्षात आले.

३

आता वचनाच्या प्रश्नाकडे वळता येईल. जे. एल. ऑस्टिन ह्याच्या १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत वचन देणे हे कृतिरूप उक्तीचे ठळक उदाहरण आहे. 'मी वचन देतो' असे म्हणणे हे वर्णन नसून ती प्रत्यक्ष कृती असते. रंगमंचावरील किंवा कवितेतील उक्ती मात्र ऑस्टिन आपल्या विवेचनातून वगळतो. नेहमीच्या वापरावर जगणाऱ्या त्या परोपजीवी उक्ती होत, असे त्याचे म्हणणे. ह्या भेदाप्रमाणे पडद्यामागे दिलेली संमती ही गंभीर उक्ती, आणि पडद्यापुढे गायलेला शब्द अगंभीर. सलिव्हनच्या मंचावर मात्र हा क्रम उलटला. कंपनीने गाण्यातील शब्द ही प्रत्यक्ष कृती मानली, चिथावणीची कृती, आणि बँडने दिलेली संमती ही जणू एखाद्या नाटकातील वाक्य असावे तशी वागवली गेली.

कलावंताच्या बाजूने सहसा दोन समर्थने पुढे केली जातात. 'हे केवळ गाणे आहे, त्याचा एवढा बाऊ कशाला?' हे एक. आणि 'गाण्यातील एकही शब्द बदलता येणार नाही' हे दुसरे. ही दोन्ही एकाच वेळी टिकत नाहीत. शब्द जर केवळ गाण्यातला असेल तर तो बदलण्याने मोठीशी हानी होत नाही. आणि तो बदलणे जर अशक्य असेल तर त्याचे वजन केवळ गाण्यापुरते नाही हे मान्य करावे लागते. ते वजन मान्य केले की मग संमती देतानाच त्याची आठवण असावयास हवी होती, हा आक्षेप उभा राहतो.

संमती दबावाखाली दिली होती, हे समर्थनही तपासून पाहण्याजोगे आहे. दबाव होता हे खरे. परंतु तो जिवावर बेतणारा नव्हता. मंच गमावण्याचा होता. आणि मंच गमावणे शक्य आहे हे बॉब डिलनने चार वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते. १२ मे १९६३ रोजी ह्याच कार्यक्रमात 'जॉन बर्च सोसायटी' ह्या कडव्या साम्यवादविरोधी संघटनेची टर उडविणारे गीत तो म्हणणार होता. बदनामीच्या दाव्याच्या भीतीने कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्या गीतास हरकत घेतली. डिलनने दुसरे गीत म्हणण्यास नकार दिला आणि तो निघून गेला. तेव्हा त्याला बाविसावे वर्षही पुरे व्हावयाचे होते. बीटल्स, स्टोन्स किंवा डोअर्स ह्यांच्याइतकी कीर्ती त्याच्यापाशी नव्हती.

तिन्ही प्रतिसाद एकत्र ठेवले की त्यांतील नैतिक अंतर स्पष्ट होते. डिलनने दोन्ही शब्द राखले आणि मंच सोडला. जॅगरने दिलेला शब्द पाळला, गाण्यातला बदलला, आणि त्या बदलाची लाज डोळ्यांनी व्यक्त केली. मॉरिसनने गाण्यातला शब्द राखला, दिलेला मोडला, आणि मंचही मिळवला. लौकिक आख्यायिकेत तिसरा सर्वांत शूर ठरतो. परंतु किंमत मोजण्याच्या कसोटीवर तो पहिल्याच्या मागे राहतो, कारण देशभरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचण्याचा लाभ त्याने आधी पदरात पाडून घेतला होता.

४

ह्या निर्णयातही एक अडचण आहे, आणि ती अर्थनिर्णयनाची आहे. कांटने १७८५ मध्ये ज्या खोट्या वचनाचा विचार केला ते देतानाच न पाळण्याच्या इराद्याने दिलेले असते. वचन नंतर मोडणे हे त्याहून वेगळे, आणि वचनाचे विस्मरण होणे हे तर सर्वस्वी निराळे. मॉरिसनच्या बाबतीत ह्यांपैकी नेमके काय घडले? शब्द बदलण्याचा त्याचा मुळात इरादाच नव्हता, असे एक कथन आहे. घबराटीत तो बदल विसरून गेला, असे दुसरे. बँडचा की-बोर्डवादक रे मॅन्झरेक ह्यानेच वेगवेगळ्या वेळी परस्परविरोधी हकीगती सांगितल्या आहेत.

उपलब्ध चित्रणाकडे पाहावे तर तेथे उत्तर मिळत नाही. शब्द येतो आणि जातो. त्यावर कोणताही विशेष आघात नाही. जॅगरच्या डोळ्यांसारखी खूण नाही. १९९१ मध्ये प्रदर्शित झालेल्या ऑलिव्हर स्टोनच्या 'द डोअर्स' ह्या चित्रपटात मात्र मॉरिसनची भूमिका करणारा व्हॅल किल्मर तो शब्द कॅमेऱ्याच्या रोखाने ओरडून उच्चारतो. मूळ संहितेत नसलेला हेतू रूपांतराने पुरविला आहे. हे दिग्दर्शकाचे स्वातंत्र्य म्हणून सोडून देता येईल. परंतु आख्यायिकेची गरजच त्यातून उघड होते. विस्मरणातून वीर जन्माला येत नाही. म्हणून स्मृतीने काकू बदलली.

हेतूविषयक प्रामाद्याचा सिद्धान्त साहित्यकृतीच्या संदर्भात अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. कवीचा हेतू कवितेच्या मूल्यमापनाचा निकष होऊ शकत नाही, हे तत्त्व कवितेपुरते स्वीकारले तरी कृतीच्या नैतिक मूल्यमापनात ते चालत नाही. तेथे हेतू वगळला की कृतीच नाहीशी होते. मॉरिसनने त्या रात्री गीत गायले, ह्याचे मूल्यमापन चित्रणाच्या आधारे करता येते. त्याने बंड केले, असे म्हणावयास ते चित्रण पुरेसे नाही. रसिकाच्या आणि न्यायाधीशाच्या भूमिकांची गल्लत झाल्यामुळे एका शब्दाच्या उच्चारावर एवढा मोठा पुतळा उभारला गेला.

५

ह्या प्रकरणाचा शेवट सलिव्हनच्या मंचावर झाला नाही. 'लाइट माय फायर' हे प्रामुख्याने गिटारवादक रॉबी क्रीगर ह्याने रचलेले गीत. श्रेय मात्र चौघांच्या सामाईक नावावर, आणि निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यावयाचे, अशी त्यांची आपसातील रीत होती. १९६८ मध्ये मॉरिसनच्या अनुपस्थितीत इतर तिघांनी ह्या गीताचा ब्यूइक मोटारीच्या जाहिरातीसाठी वापर करण्यास मान्यता दिली. त्या जाहिरातीत गीताच्या शब्दांत मोटारीचे नाव गुंफले जावयाचे होते. मॉरिसन परतल्यावर संतापला आणि ती योजना बारगळली. ज्या गीताचे मुख्य रचनाकार्य त्याचे नव्हते, त्याच्या शब्दांसाठी तो ह्या वेळी आपल्याच सोबत्यांच्या विरोधात उभा राहिला. येथे काकूविषयी संदेह नाही, आणि विस्मरणाला वावही नाही.

मॉरिसन १९७१ मध्ये मरण पावला. त्यानंतर सुमारे तीन दशकांनी मोटारीच्या जाहिरातीसाठी पुन्हा मोठा देकार आला, तेव्हा ड्रमवादक जॉन डेन्समोर ह्याने संमती नाकारली. जिवंत सोबत्यांशी त्याचे वितुष्ट आले आणि बँडच्या नावाच्या वापरावरून ते न्यायालयातही गेले. १९६८ च्या मान्यतेत डेन्समोरही सामील होता, हे विसरता येत नाही. मृत मित्राच्या रागातून तो जे शिकला होता त्याला तो जागला, असे म्हणता येईल.

ही उत्तरकथा विचारात घेतली की मूळ पेच नव्या रीतीने मांडता येतो. प्रक्षेपण कंपनीला दिलेला शब्द आणि परस्परांना दिलेला शब्द ह्यांचे वजन सारखे नव्हते. पहिला सौद्याचा भाग होता, दुसरा सहनिर्मितीचा. तरीही पहिला मोडण्याचा अधिकार त्यातून आपोआप मिळत नाही. तो न देण्याचा अधिकार तेवढा मिळतो. डिलनने हा अधिकार वापरला. सलिव्हनच्या मंचावर जाण्यापूर्वी 'डोअर्स'च्या चौघांनाही तो होता, आणि त्यांनी तो वापरला नाही. १९६७ च्या त्या रात्रीचा खरा प्रश्न प्रक्षेपणातील त्या एका क्षणाचा नसून, त्याआधी पडद्यामागे माना डोलावल्या गेल्या त्या क्षणाचा आहे. त्या क्षणाचे चित्रण कोणी केलेले नाही.