पायाखालची साक्ष

जागा कुणाची, हे कशावरून ठरतं? भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी सगळी नोकरी सिंधुदुर्गात झाली आणि हा प्रश्न रोज बांधावर भांडत उभा असे. शंकूसाखळी, प्लेन टेबल, जुनी टिपणं, हद्दीचे दगड ही माझी उत्तरं. निवृत्तीनंतर एका चित्राची छायाचित्रं पाहिली आणि या उत्तरांच्या खाली काय असतं, याचा विचार मला पुन्हा मुळापासून करावा लागला.

ते चित्र पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट सँडी वाळवंटातल्या आदिवासींनी १९९७ साली काढलं. वाल्माजारी, वांगकाजुंगा, मांगाला, जुवालिनी अशा वेगवेगळ्या भाषा बोलणारी चाळीसहून अधिक माणसं पिर्निनी इथे जमली आणि जमिनीवर पसरलेल्या एकाच कॅनव्हासवर बसून त्यांनी तो रंगवला. न्गुरारा कॅनव्हास म्हणून तो ओळखला जातो. आठ मीटर बाय दहा मीटर, म्हणजे पाऊण गुंठ्याहून थोडा मोठा. त्याला वर-खाली नाही. चहूबाजूंनी माणसं बसली असल्याने प्रत्येक भाग आपापल्या बाजूने सुलट आहे.

तो सजावटीसाठी काढलेला नव्हता. इंग्रजांनी ऑस्ट्रेलियात पाय ठेवला तेव्हा ती भूमी जणू कुणाचीच नव्हती, असं तिथला कायदा दोनशे वर्षं धरून चालला होता. १९९२ साली माबो खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने ते खोडून काढलं, पुढच्या वर्षी कायदा झाला आणि आदिवासींना दावा लावता येऊ लागला. मात्र भूमीशी आपलं नातं परंपरेने अखंड चालत आलं आहे, हे दावेदारांनीच शाबीत करायचं. या माणसांपैकी अनेक जण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाळवंट सोडून उत्तरेकडच्या गुरांच्या मळ्यांवर आले होते आणि पुढे तिथूनही हटवले जाऊन फिट्झरॉय क्रॉसिंगच्या आसपास राहत होते. ज्यांचं नातं बाहेरच्यांनी तोडायला घेतलं, त्यांनाच ते तुटलं नाही याचा पुरावा मागायचा, हा अन्याय मला आजही बोचतो. कागदपत्रांतून आणि इंग्रजीतून आपलं म्हणणं पोचत नाही, असं तिथल्या वडीलधाऱ्यांना वाटलं, म्हणून त्यांनी कॅनव्हास पसरला.

प्रत्येकाने त्यावर फक्त आपलं पाणी काढलं. त्या वाळवंटात पाण्याची दोन मुख्य रूपं आहेत. जुमू म्हणजे वाळू उकरली की काही काळ झिरपणारं पाणी. जीला म्हणजे कधीच न आटणारं, जिवंत पाणी. प्रत्येक जीलात पाऊस आणणारं एक सत्त्व असतं. काही तर एके काळी माणसांसारखी देशभर हिंडली आणि मग सर्परूपाने त्या पाण्यात शिरली. जीलाजवळ जाताना लांबूनच हाक द्यायची, आपण कोण ते सांगायचं, सोबत परका असेल तर त्याचीही ओळख करून द्यायची. न सांगता जाणं म्हणजे संकट ओढवून घेणं.

हे वाचताना मला परकं वाटलं नाही. आमच्याकडे गावठाणाची किंवा देवस्थानाच्या जमिनीची मोजणी असली की साखळी टाकण्याआधी गुरव आणि बारा-पाचाचे मानकरी जमत, नारळ ठेवला जाई, जागेवाल्याला, म्हणजे त्या जागेच्या राखणदार देवाला, गाऱ्हाणं घातलं जाई. कोण आले आहेत, कशासाठी आले आहेत, ते त्याला सांगायचं. एक जण बोले आणि बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. मीही म्हणत असे, मनापासून म्हणत असे.

पण साम्य इथपर्यंतच. आमच्या दप्तरात देवाचं नाव कब्जेदार म्हणून लागतं, वहिवाटदार वेगळा लिहिला जातो. भारतीय कायद्याने देवाला व्यक्ती मानलं, त्याला मिळकत धारण करू दिली. ही मोठीच गोष्ट आहे, आणि तरीही तिथे देव आपल्यासारखाच एक खातेदार होऊन बसतो. वाल्माजारी माणसाचं म्हणणं वेगळं आहे. जीलातलं सत्त्व पाण्याचं मालक नाही, ते त्या पाण्याचाच जीव आहे. आणि जीला माझं आहे म्हणजे त्याच्याशी बोलायचं, ते उकरून स्वच्छ ठेवायचं, त्याचं गाणं आणि नाच पुढच्या पिढीला द्यायचा, हे माझ्याकडे आलेलं काम. विकता येतो तो हक्क. हे विकताच येत नाही, कारण कर्तव्याला गिऱ्हाईक नसतं.

म्हणून ते चित्र एकट्याने काढणं शक्यच नव्हतं. शेजाऱ्याचं जीला मला ठाऊक असेल, त्याची वाटही ठाऊक असेल, तरी ते रंगवण्याचा अधिकार माझा नाही. त्यासाठी शेजारी हजर पाहिजे. सामूहिक कला म्हटलं की आपण मिळून-मिसळून काम करण्याचं कौतुक करतो. इथे गोष्ट त्याहून कठोर आहे. प्रत्येकाने आपल्या हद्दीत राहिल्याशिवाय संपूर्ण देश उमटतच नाही. मोजणीच्या वेळी लगतच्या कब्जेदारांना नोटीस का देतात, याचं कारण मला पाठ होतं. त्यातला अर्थ मला या कॅनव्हासने दिला.

आदिवासींच्या भूमिदाव्यांसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणाची बैठक पिर्निनीला भरली तेव्हा एकेक दावेदार कॅनव्हासवर चालत गेला, आपण रंगवलेल्या पाण्यावर उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. समोरच्यांनी पाण्यातल्या सर्पावर विश्वास ठेवायचा होता का? माझं उत्तर स्पष्ट आहे: त्याची गरज नव्हती. श्रद्धेचा विषय खरा की खोटा, हे कुठल्याच न्यायपीठाला ठरवता येत नाही. पण ती श्रद्धा माणसाकडून काय करवून घेते, कुठे जायला लावते, कुठे थांबवते, कोणतं गाणं कुणाच्या तोंडी ठेवते, हे मात्र पाहता येतं. आणि ते खोटं रचायला चाळीस माणसांच्या चाळीस जागा एकमेकांशी जुळाव्या लागतील.

त्या चित्रात कॅनिंगची वाटही आहे. आल्फ्रेड कॅनिंग माझ्याच पेशातला, सरकारी मोजणीदार. उत्तरेची गुरं दक्षिणेकडे नेण्यासाठी त्याने १९०६ साली या वाळवंटातून मार्ग आखला, पुढे १९१० पर्यंत त्यावर विहिरी खणल्या. पाणी सापडावं म्हणून त्याने आदिवासींना पकडून साखळ्या घातल्या. १९०८ साली चौकशी आयोग बसला आणि कॅनिंग निर्दोष ठरला. कितीतरी जुन्या पाण्यांच्या जागी त्या मार्गाच्या विहिरी उभ्या राहिल्या. पाण्याला ओळख न सांगता मोजणी केली की काय होतं, हे मी याहून उघड कुठे पाहिलेलं नाही.

निकाल लागायला दहा वर्षं गेली. ९ नोव्हेंबर २००७ रोजी फेडरल कोर्ट पिर्निनीलाच भरलं आणि ७५,००० चौरस किलोमीटरहून अधिक भूमीवरचा त्यांचा अधिकार मान्य झाला. मान्य झाला, बहाल केला गेला नाही. तोवर चित्र काढणाऱ्यांतले कितीतरी जण वारले होते.

आपल्याकडे २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून धरला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला याच कायद्याने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. असं असताना नकाशा जोडलेला नाही, जुना कागद नाही, अशा शेऱ्यांनी परत पाठवलेले दावे मी पाहिले आहेत. म्हणून पडताळणीला निघालेले तरुण भूकरमापक माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना सांगतो की जबाब कार्यालयात बसून घेऊ नका. म्हाताऱ्यांना त्यांच्या झऱ्यावर, त्यांच्या देवाच्या झाडाखाली न्या, शेजारच्या गावची माणसंही बोलवा, आणि ते जिथे उभे राहून बोलतील त्या जागेचा बिंदू आधी नकाशावर घ्या. हद्द त्यानंतर आखा.