काळ्या दगडांची रेघ

सह्याद्रीच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, एक गाव होतं. तिथल्या एका आबांनी उभा जन्म विहिरी खोदण्यात घालवला होता. कोणती विहीर कोणत्या दुष्काळात खणली, किती परसांवर मुरूम संपला, कुठे मांजऱ्या लागला आणि कुठे काळ्या पाषाणाला सुरुंग लावावे लागले, सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पेरणीचा सल्लाही गाव त्यांनाच विचारी. कावळ्यानं घरटं आंब्यावर बांधलंय की बाभळीवर, मृगाचा किडा निघाला की नाही, हे पाहून आबा सांगत आणि लोक तिफणी जुंपत.

एका वर्षी मृगाचा पहिलाच पाऊस दणकून पडला. आबा म्हणाले, "पेरा." गावानं पेरलं. पुढे तीन आठवडे आभाळातून थेंब आला नाही. कोंब जागच्या जागी करपले. दुबार पेरणीसाठी कोणी शेळ्या विकल्या, कोणी मंगळसूत्र गहाण टाकलं. आबांना तोंडावर कोणी बोललं नाही, पण त्यानंतर त्यांच्या ओट्यावर विचारायलाही कोणी आलं नाही.

त्याच दिवाळीनंतर भूजलाचा अभ्यास करणारी एक तरुण मुलगी गावात कामाला आली. तिनं शाळेच्या मैदानात पर्जन्यमापक बसवला आणि देवळात लोकांना बसवून समजावलं. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या आहेत. पाऊस आता चार दिवसांत कोसळतो आणि मग दडी मारतो. म्हणून पहिल्या सरीवर भुलू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोलवर गेल्याशिवाय बियाणं मातीत टाकू नका. हे सगळं खरं होतं, आणि गावाला पटलंही.

मग तिनं उपग्रहाच्या चित्रांवरून केलेला नकाशा उघडला. पाणी जिरवायचे चर आणि खड्डे कुठे घ्यायचे, ते त्यावर ठरवून ओढ्यालगतच्या रानात फक्कीनं खुणा केल्या. आबांना विचारावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. गावाचं इथेच चुकलं. ऋतू बदलला म्हणून आबांच्या ऋतूच्या खुणा चुकल्या होत्या. जमिनीखालचा खडक मात्र तसूभरही हलला नव्हता.

आबा स्वतःच काठी टेकत फक्कीच्या खुणांपाशी आले.

"पोरी, इथं जिरवलेलं पाणी गावाच्या कामाचं नाही. ते ओढ्यानं खालच्या शिवारात निघून जाईल."

"कशावरून, आबा?"

आबा तिला बांधाबांधानं वर घेऊन गेले. काळ्या मातीतून अधूनमधून डोकं काढणारे दगड त्यांनी काठीनं दाखवले. एकामागून एक पाहत गेलं की शिवारभर त्यांची सरळ रेघ जुळत होती. "हिच्या वरच्या अंगाच्या विहिरी अक्षय तृतीयेपर्यंत तग धरतात. खालच्या अंगाच्या संक्रांतीलाच तळ दाखवतात. माझ्या बापानं हे मला दाखवलं, मी खणून पाहिलं."

मुलीनं वाद घातला नाही आणि नुसती मानही डोलावली नाही. रेघेच्या दोन्ही अंगांच्या विहिरींत तिनं टेप सोडला आणि पातळ्या वहीत लिहिल्या. पुढेही दर पंधरवड्याला मोजत राहिली. संक्रांतीपर्यंत खालच्या विहिरी कोरड्या पडल्या, वरच्यांमध्ये पाणी टिकून होतं.

तेव्हा तिनं आबांना दगडाची गोष्ट सांगितली. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. पुढे काही भेगांतून वितळलेला खडक वर चढला आणि उभाच्या उभा थिजला. त्याला डाइक म्हणतात. उतारानं झिरपत येणारं पाणी जमिनीखालच्या या भिंतीशी अडतं. इथली भिंत जेमतेम काही हात रुंद, त्यात बरीचशी मातीत गाडलेली, म्हणून ती नकाशात उमटलीच नव्हती.

"म्हणजे बाप खरं बोलत होता," आबा म्हणाले. "का ते तेवढं त्याला ठाऊक नव्हतं."

फक्कीच्या खुणा पुसल्या गेल्या. उन्हाळ्यात चर आणि खड्डे रेघेच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी खणले. नेमकं कुठे, ते आबांनी पायानं दाखवलं. किती लांब, किती खोल, ते मुलीनं उतार मोजून ठरवलं. जूनमध्ये पुन्हा मृगाचा पाऊस पडला. सवयीनं काही जण आबांकडे धावले. आबांनी नातीला शाळेत पिटाळलं. ती धापा टाकत आली, "आबा, 38!" आबांनी सगळ्यांना घरी पाठवलं. पेरणी झाली ती आर्द्राच्या पावसावर.

खरा पेच पावसाळा सरल्यावर आला. वरच्या विहिरी तुडुंब भरल्या आणि तिथल्या एका शेतकऱ्यानं उसाचं बेणं सांगून ठेवलं. बेसॉल्टच्या, म्हणजे या काळ्या पाषाणाच्या, मुलखात हे फार घडतं: पाणी सगळ्यांच्या घामानं जिरतं आणि उपसतो तो, ज्याची विहीर मोक्याच्या जागी असते. ग्रामसभेत तो म्हणाला, "पाणी माझ्या विहिरीत आहे."

मुलीनं हिशोब मांडला. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर 10,000 लिटर. पण त्यातला साधारण दहावा हिस्साच खडकात उतरतो. उरलेलं वाहून जातं, वाफ होतं, पिकं पितात. भिंतीमागे साठलेलं पाणी एकट्या उसाला लावलं, तर फाल्गुनात पिण्याच्या पाण्याचा टँकर मागवावा लागेल.

"आणि ते पाणी तुझ्या एकट्याच्या रानातून येत नाही," आबा उठून म्हणाले. "तुझी विहीर मीच खणलीय. झरे डोंगराकडून फुटले होते."

खालच्या अंगाची एक बाई उभी राहिली. "चर खणायला आम्ही पण होतो. जागा आबांनी सांगितली, माप मॅडमनी काढलं. आता वाटा सगळ्यांनी मिळून ठरवा."

चर्चा रात्री उशिरापर्यंत चालली, आवाजही चढले. हिवरे बाजार गावानं दरवर्षी पाऊस मोजून पिकं ठरवायची आणि ऊस लावायचा नाही हा नियम पाळलाय, याची कोणीतरी आठवण करून दिली. शेवटी ठरलं ते असं: आधी माणसांचं आणि गुरांचं पाणी, मग ज्वारी आणि हरभरा. ऊस नाही. भिंतीच्या आसपास नवी बोअर नाही. वरच्या दोन विहिरींतून पाइप टाकून खालच्या वस्तीला पिण्याचं पाणी द्यायचं. बेणं सांगितलेल्या शेतकऱ्यानंही सही केली, आणि पाइपसाठी आपल्या बांधावरून चर काढायला जागा दिली.