कोणी सिद्ध केलं?

बसू नका. उभेच राहा सगळे. तुम्ही विज्ञान प्रदर्शनात लावलेला एकूण एक तक्ता मी वाचलाय. मंत्रानं विष उतरतं, होमाच्या धुरानं रोगजंतू मरतात, प्राणायामानं अंगात जास्त ऑक्सिजन जातो. आणि प्रत्येकाच्या खाली तीच ओळ: विज्ञानानं सिद्ध झालं आहे. कोणी सिद्ध केलं? कुठे? किती माणसांवर? विचारलं तर म्हणे, 'सर, मोबाईलवर आलं होतं.' बारावी सायन्सला बसलाय ना तुम्ही?

सापाचंच घ्या. शिरूरची असा नाहीतर भीमेपलीकडून दौंडची, उसाच्या बांधावर वाढलेली पोरं तुम्ही. मांत्रिकानं गावातली इतकी माणसं वाचवली, असं छातीठोक लिहिलंय. त्यांतल्या किती जणांना धामण चावली होती आणि किती जणांना घोणस, हे विचारलंत? धामणीला विष नसतं. नाग किंवा घोणस चावली तरी दर वेळी विष अंगात भिनतंच असं नाही. असा माणूस मंत्र घातला तरी उठून बसतो आणि नाही घातला तरी बसतो. ज्याच्या अंगात खरोखर विष गेलं, त्याला प्रतिविषाचं इंजेक्शन लागतं, तेही वेळेत. मंत्र ऐकत बसल्यानं जो दगावला, त्याचा आकडा कुठाय तुमच्या तक्त्यावर? त्याला तुम्ही मोजलंच नाही. तुमचं वाचून उद्या एखादी बाई नवऱ्याला दवाखान्याऐवजी देवळात घेऊन गेली तर जबाबदारी कोणाची? तुमची. वहीत लिहून ठेवा.

'परंपरेचा अपमान होतो' असं कोण म्हणालं मघाशी? परंपरेचा मान कसा राखतात ते स्वामी कुवलयानंदांकडून शीक. योगावर जन्म वाहिलेला माणूस. १९२०च्या दशकात त्यांनी बडोद्यात नौली आणि उड्डियान या पोटाच्या योगक्रिया करताना काय होतं ते एक्स-रेखाली पाहिलं, पोटातला दाब मोजला. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि 'योगमीमांसा' त्रैमासिकात ते निष्कर्ष छापायला लागले. तुम्ही तक्त्यावर लिहिलेली ती ऑक्सिजनची समजूत त्यांनीही तपासली होती, आणि प्राणायामाचं मोल जादा ऑक्सिजनात नाही, असं स्पष्ट सांगितलं. त्यांची श्रद्धा तुमच्यापेक्षा कमी होती का रे? दौंडहून लोणावळा काही फार लांब नाही. गेलंय कोणी?

मागच्या बाकावर हसताय ते! तुम्ही 'सगळं थोतांड' म्हणून मोकळे झालात. तुम्ही तरी काय तपासलंत? सर्पगंधेची मुळी वैद्य पिढ्यानपिढ्या देत आले. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडल्या. तिच्यातलं रेसर्पिन जगभरच्या डॉक्टरांनी वापरलं. काही रुग्णांना त्यानं खिन्नता येते, हेही नोंदी ठेवल्या म्हणूनच ध्यानात आलं. तुमच्यासारखं हसून सोडून दिलं असतं, तर दोन्ही कळलं नसतं.

वढू बुद्रुकला शंभूराजांच्या समाधीपुढे माथा टेकायला जाता, चांगलं आहे. त्याच गावात पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजींनी ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. केईएमचं संशोधन केंद्र तिथं आजही आहे. घरोघर फिरून जन्म, मृत्यू, आजारपण यांची नोंद ठेवतात तिथली माणसं. आपल्याच तालुक्यात माणसं मोजण्याचं इतकं चिकाटीचं काम चालतं, आणि तुम्हाला एक आकडा शोधवत नाही!

सगळे तक्ते आज उतरवा. सोमवारी नवे आणा. प्रत्येक दाव्यापुढे चार रकाने आखा: कोणी तपासलं, किती जणांवर, ज्यांना उपचार दिला नाही त्यांचं काय झालं, आणि कुठे छापलं. माहिती मिळाली नाही तर तो रकाना कोराच ठेवा. चार कोरे रकाने घेऊन आलेल्याला मी ओरडणार नाही. पण ती 'सिद्ध झालं आहे'ची ओळ पुन्हा दिसली, तर प्रात्यक्षिकाच्या वहीवर माझी सही मिळणार नाही. बसा आता.