कानोसा

घाईत असाल तर हे आज वाचू नका, उद्या वाचा. बसलाच असाल तर पाठ टेकवा आणि मनाशी एक खोली आणा. खिडक्यांना काळे पडदे आहेत, कारण उजेडाची तिरीप बाहेर गेली तर वरच्या विमानाला दिसेल. कोपऱ्यात लाकडी रेडिओ आहे. त्याचे व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, तेवढा वेळ घरातली माणसं गप्प आहेत. मग खरखर थांबते आणि एक आवाज येतो. संथ, किंचित कुचेष्टेचा. जर्मनीतून बोलतो आहे असं तो सांगतो, आणि इंग्लंडात आता कुठे काय उद्ध्वस्त होणार तेही सांगतो. तो बोलत असतानाच तिकडे ते घडत असतं.

पुढे जाण्याआधी इथे जरा थांबा. त्या माणसांना नेमकं भय कशाचं वाटलं असेल? मोडतोड तर रोजच्या बॉम्बनेही होत होती. मला वाटतं, त्या आवाजाला आधीच ठाऊक होतं याचं. संकट आंधळं असतं तोवर माणूस त्याला नशीब म्हणून सोडून देतो. ते नाव घेऊन, वेळ सांगून येऊ लागलं की त्याला डोळे आहेत असं वाटू लागतं, आणि ते डोळे आपल्या खोलीत कुठेतरी आहेत असंही.

ही खोली मी ‘शेरलॉक होम्स अँड द व्हॉइस ऑफ टेरर’ या चित्रपटावरून उभी केली. सप्टेंबर १९४२ मध्ये अमेरिकेत आलेला, युनिव्हर्सल स्टुडिओचा, जॉन रॉलिन्स यांनी दिग्दर्शित केलेला कृष्णधवल चित्रपट. बेझिल रॅथबोन होम्स, नायजेल ब्रूस वॉटसन. याच जोडीने १९३९ साली दोन चित्रपट केले होते, ते घोडागाडी आणि गॅसच्या दिव्यांच्या काळातले. युनिव्हर्सलने होम्सला उचलून थेट दुसऱ्या महायुद्धात आणून ठेवलं. रहस्यकथा म्हणून चित्रपट फार घट्ट विणलेला नाही, चाणाक्ष प्रेक्षक गुन्हेगार अर्ध्यातच हेरतो. होम्सचे पुढे विंचरलेले केस तर मला अजूनही खटकतात. तरी मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जातो, ते एका प्रसंगासाठी.

त्या प्रसंगाआधी एका खऱ्या आवाजाची गोष्ट. विल्यम जॉइस हा न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये जन्मलेला माणूस युद्धकाळात जर्मनीतून इंग्रजीत बोलत असे. इंग्रजांनी त्याला लॉर्ड हॉ-हॉ म्हणून हसण्यावारी नेलं, आणि तरी ऐकलंही. त्याच्याविषयी एक वदंता गावोगाव पसरली होती: आमच्या टाउन हॉलचं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे, हे हॉ-हॉने काल रेडिओवर सांगितलं! प्रत्येक गावाला वाटायचं, आपलंच घड्याळ. शोध घेतला तेव्हा त्याने असं कधी म्हटल्याचं कुठेच आढळलं नाही. कोणी स्वतः ऐकलं नव्हतं, सगळ्यांनी दुसऱ्याकडून ऐकलं होतं. जॉइसला ३ जानेवारी १९४६ रोजी लंडनमध्ये फाशी दिलं. त्याने न उच्चारलेली वाक्यं मात्र त्याच्याच नावावर राहिली.

ते घड्याळ थोडा वेळ मनात ठेवा. कोणाच्या तोंडून आलं होतं ते वाक्य? ऐकणाऱ्यांच्याच. भिणारा माणूस आवाजातल्या मोकळ्या जागा स्वतः भरतो. चित्रपटाने याच अफवेला देह दिला, आणि सगळं खरोखरच आधी जाणणारा आवाज निर्माण केला.

आता तो प्रसंग. ब्रिटिश हेरखात्याच्या वरिष्ठांचं एक मंडळ होम्सला बोलावून घेतं. सगळे त्या आवाजाचे शब्द घोकत बसलेले, आता पुढचा घाव कुठे, याचा हिशेब करत. होम्स शब्दांकडे जातच नाही. तो आवाज ऑसिलोस्कोपवर घालतो, म्हणजे ध्वनीची लाट पडद्यावर रेघ होऊन दिसते, आणि त्या रेघा एकमेकींशी ताडून पाहतो. निष्कर्ष असा: हा माणूस आता बोलत नाही, ही तबकडी वाजते आहे. प्रक्षेपण जर्मनीतून होतं, पण तबकडी इथे, इंग्लंडात भरलेली आहे.

मराठीत ‘ऐकणे’ आणि ‘कानोसा घेणे’ ही दोन वेगळी कामं आहेत. ऐकताना आपण शब्दांच्या मागे जातो. कानोसा घेणारा शब्द सोडून देतो. कडी वाजली का, पाऊल जिन्यावर आहे की अंगणात, आवाज भिंतीपलीकडून येतो की माळ्यावरून, एवढंच तो पाहतो. रात्री घरातलं वडीलधारं माणूस उठून दाराशी उभं राहायचं, श्वास रोखून, पोरांना हाताने गप्प करत. तसं एकदा उभे राहून पाहा. आज दिवसभरात ज्या आवाजाने तुम्हाला घाबरवलं, तो आठवा. फोनमधला असेल, बातम्यांमधला असेल. त्याने काय सांगितलं ते क्षणभर बाजूला ठेवा. तो कधी भरला होता? कुठे? मी हे करून पाहतो तेव्हा उत्तर बहुधा मिळत नाही, पण छातीतली धडधड जरा उतरते.

होम्सला उत्तर मिळतं, आणि ते वाईट असतं. (पुढच्या ओळी चित्रपटाचं गुपित फोडतात. ऐंशी वर्षांनंतर तेवढी मुभा असावी.) तो आवाज त्या मंडळाचे प्रमुख सर इव्हान बारहॅम यांचाच. म्हणजे खऱ्या बारहॅमचा नव्हे. तो पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत मारला गेला होता, आणि त्याच्यासारखाच दिसणारा जर्मन हेर त्याचं नाव आणि चेहरा घेऊन इंग्लंडात परतला होता. अस्तनीतला निखारा म्हणतात तो हाच, आणि विझू न देता दोन दशकांहून अधिक काळ जपलेला.

आता त्या मंडळाच्या खोलीत शिरा आणि जरा रेंगाळा. मेजाभोवती काळजीने काळवंडलेली माणसं. रेडिओवर आवाज चालू आहे. आवाजाचा धनी त्याच मेजाशी, ओठ मिटून, इतरांसारखाच कपाळाला आठ्या घालून बसला आहे. तबकडीने त्याला ही सोय दिली आहे. तोंड एका जागी, बोलणं दुसऱ्या जागी. तिथे हजर असल्यामुळेच तो निर्दोष दिसतो. इतकी वर्षं दुसऱ्याचं नाव लावून जगलेल्या माणसाला स्वतःचा खरा स्वर त्या तबकडीतच सापडत असेल का? चित्रपट असला प्रश्न विचारत नाही. त्याला शत्रू हवा असतो आणि तो मिळतो.

याच्या उलट टोकाला किटी आहे. एव्हलिन अँकर्सने केलेली ही बाई लाइमहाउसची, लंडनच्या गोदीकडच्या गरीब वस्तीतली. तिचा माणूस होम्ससाठी काम करताना मारला जातो, पाठीत सुरा घेऊन होम्सच्या दारात कोसळतो. ‘ख्रिस्तोफर’ एवढा एकच शब्द बोलून. पुढे किटी गुत्त्यात उभी राहते आणि पोलिसांचं नाव काढताच थुंकतील अशा लोकांना मदतीसाठी साद घालते. तिच्या बोलण्यात युद्धप्रचार उघड आहे. तरी बघा, इथे तोंड आणि आवाज एकाच जागी आहेत. शेवटी ती मारली जाते. आवाज दूर ठेवण्याची सोय तिच्याकडे नव्हती.

रॅथबोनविषयी एक गोष्ट कळल्यावर मला तो निराळा दिसू लागला. पहिल्या महायुद्धात तो लिव्हरपूल स्कॉटिश पलटणीत गुप्तवार्ता अधिकारी होता. भर दिवसा शत्रूच्या खंदकांजवळ टेहळणी करून आल्याबद्दल त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. १९१८ च्या जूनमध्ये त्याचा धाकटा भाऊ लढाईत मारला गेला. कानोसा कसा घ्यायचा, हे या नटाला कोणी शिकवायला नको होतं.

आणि १९४२ म्हटल्यावर मराठी वाचकाचं मन लंडनमध्ये फार वेळ रमणार नाही, माझंही रमत नाही. हा चित्रपट झळकला त्याच सुमारास मुंबईत स्वातंत्र्यलढ्याचा छुपा काँग्रेस रेडिओ सुरू झाला होता. भारतात कुठूनतरी, एवढाच पत्ता तो सांगायचा. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी मुंबईतच एका जागेवरून दुसऱ्या जागी यंत्र हलवत होते, आणि सरकारी माणसं त्या आवाजाचा माग काढत फिरत होती. सरकारच्या लेखी हाही घातपातच. पडद्यावरच्या होम्सने मुंबईत नोकरी केली असती, तर उषाताईंच्याच दाराशी येऊन उभा राहिला असता. तेव्हा आपण कोणाच्या बाजूने श्वास रोखला असता, हे वेगळं सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये त्या पकडल्या गेल्या. शिक्षा झाली चार वर्षांची, येरवड्यात.

चित्रपटाचा शेवट आर्थर कॉनन डॉइलच्या ‘हिज लास्ट बो’ या कथेतून घेतला आहे. कथा घडते २ ऑगस्ट १९१४ च्या रात्री, छापली गेली १९१७ साली. होम्स पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्याबद्दल बोलतो. वॉटसनला ते हवामान वाटतं, आणि हवा तर उबदार आहे. आपल्याकडे वाऱ्याची वाट पश्चिमेकडे बघायची असते, तो पाऊस आणतो. इंग्लंडचा पूर्ववारा कोरडा आणि बोचरा. होम्स बोलतो तो येऊ घातलेल्या युद्धाचा वारा. वॉटसनने शब्द ऐकले, वारा ऐकला नाही. ही कथा छापली गेली तेव्हा डॉइलचा मुलगा किंग्सली सोमच्या लढाईत जखमी होऊन परतला होता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो गेला. १९४२ साली तेच बोलणं नव्या युद्धासाठी पुन्हा वापरलं गेलं तेव्हा डॉइलला जाऊन बारा वर्षं झाली होती.

चित्रपट जेमतेम ६५ मिनिटांचा आहे. रात्री दिवे मालवून लावा, आणि सुरुवातीची पाच मिनिटं डोळे मिटून नुसतं ऐका.